मेरेवरची भिरंड

एकवीस वर्षं मी डिचोलीच्या कोर्टात बेलीफ.
साहेब एकच, खुर्ची एकच.
सकाळी ती फौजदारी असते,
जेवणानंतर दिवाणी.
पंखाही तोच. फक्त पोलीस उठून जातात
आणि त्यांच्या बाकावर
प्लास्टिकच्या पिशवीत एक-चौदाचे उतारे घेतलेली
माणसं येऊन बसतात.

शाणू गावस मी दोन्ही वेळांना बघितला.

भिरंडीचं एक झाड, दोन कुळागरांच्या मेरेवर.
एप्रिल. फळं पुरती लाल व्हायची होती.
रघुवीर मळीकनं फांदी ओढली,
शाणूनं कोयता उगारला.
मनगटावर सात टाके.
एवढ्या एका गोष्टीची दोन बाडं झाली
आणि दोन कपाटांत गेली.

सकाळच्या बाडावर रघुवीरचं नावच नव्हतं.
सरकार विरुद्ध शाणू.
'हात माझा कापला,' तो मला व्हरांड्यात म्हणायचा,
'मग मी खंय?'
तू साक्षीदार क्रमांक एक.
रक्त सांडलं ना, की ते तुझं राहत नाही बाबा,
सरकार आपल्या नावावर चढवून घेतं.
मिटवायचं झालं तरी आधी साहेबांना विचार.

आरोपीच्या वकिलानं विचारलं, वेळ कुठली?
रघुवीर म्हणाला, तिनसांजची.
म्हणजे दिवस होता की रात्र?
रघुवीरनं छताकडं बघितलं.
तेवढ्या तिनसांजेत
एक अख्खा माणूस सुटू शकतो,
मी सुटताना पाहिलेत.

दुपारी शाणू वादी.
सोबत जयवंती, त्याची बायको,
कारण आमच्या गोव्यात लग्न लागलं की
जमिनीत अर्धा वाटा तिचा;
अर्धांगिनी हा शब्द
पोर्तुगीज गेल्यावरही कोर्टानं शब्दशः धरलाय.
तिला झाडाविषयी कुणी काही विचारलं नव्हतं.
समन्सावर मात्र ती होती.

दिवाणीत कुणाला तुरुंगात जायचं नसतं.
तागडी केसाएवढी झुकली तरी पुरे.
केस तेवढा वाट बघत पिकतो.
आज नकाशा नाही, उद्या वकील म्हापशाला,
परवा सर्व्हेअरच्या साखळीतला एक दुवा कमी.

मग शाणूला अर्धांग झाला आणि तो गेला.
सकाळच्या कोर्टात मृत्यूचा दाखला जोडला,
साहेबांनी दीड ओळ लिहिली, पान मिटलं.
आरोपी गेला की खटला त्याच्याबरोबर जातो.
एवढी सहज सुटका मी
कुठल्याच वकिलाला मिळवताना बघितली नाही.

दुपारी तसं नाही.
दुपारी एका मेलेल्याच्या जागी सात जिवंत उभे राहिले:
जयवंती, दोन मुली, दोन जावई,
स्विंडनला गोदामात रात्रपाळी करणारा मुलगा
आणि त्याची बायको,
जिनं ते झाड फक्त फोनवर पाहिलंय.
वादी एक-अ, एक-ब, एक-क...
बाराखडी पुरेल की नाही अशी शंका
शिरस्तेदारांना आली. मला हसू आलं नाही.

परवा मोजणीची नोटीस घेऊन गेलो.
जयवंती अंगणात आमसुलं उलटत होती.
'हो कोयत्याचो काय झाडाचो?'
झाडाचा, मी म्हटलं. कोयत्याचा कधीच संपला.
तिनं पदराला हात पुसले, सही केली,
सावकाश, एक-एक अक्षर दाबून.
मग म्हणाली, झाड कुठंय?
तीन पावसाळ्यांपूर्वी वाऱ्यानं आडवं झालं,
अर्धं तिच्या बाजूला, अर्धं त्याच्या.
रघुवीरनंच करवत आणली.
मनगट नीट वळत नाही त्याचं,
दोन दिवस लागले.
त्याच्या बाजूचे ओंडकेही
त्यानं हिच्या पडवीत रचून दिले.

पडवीत बघितलं. चार-पाच उरले होते.
'एवढे जाळू नका,' मी म्हणालो,
'मोजणी होईपर्यंत तरी.'

आत चुलीवर
चहाचं पाणी कधीच उकळायला लागलं होतं.